अर्ध्या सेकंदाचा उशीर

मार्च २०२४ मधली गोष्ट. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या घेत होते. अशा चाचणीत मशीनवर दुसरी कुठलीही खुडबुड चालू नसावी लागते, म्हणून ते एकेक प्रोग्राम तपासत होते. दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला वापरतात त्या एसएसएचपाशी ते थबकले. एरवी साधारण ०.३ सेकंदात होणाऱ्या लॉगिनला आता ०.८ सेकंद लागत होते. दुसरा कुणी असता, तर ‘नेट स्लो असेल’ म्हणून चहाला गेला असता. फ्रॉइंड गेले नाहीत.

धागा ओढत ते एक्सझेड युटिल्सपर्यंत पोचले. फाइली आवळून लहान करणारा हा एक साधा प्रोग्राम. त्याच्या चाचणीच्या फाइलींत कुणीतरी चोरदरवाजा दडवून ठेवला होता. तोवर हा चोरदरवाजा असलेली आवृत्ती लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, प्रामुख्याने चाचणीसाठीच्या, संचांत शिरली होती. आणखी काही महिने गेले असते, तर जगभरातल्या असंख्य सर्व्हरची दारं एका अनोळखी माणसाला हवी तेव्हा उघडता आली असती.

हा अनोळखी माणूस ‘जिया टॅन’ या नावाने वावरत होता. एक्सझेड सांभाळत होते फिनलंडचे लासे कोलिन, तेही फावल्या वेळात आणि बिनपगारी. जिया टॅन २०२१ पासून या वर्तुळात दिसू लागला, सुधारणा पाठवू लागला. पुढे आणखी काही अपरिचित नावांनी कोलिन यांच्यामागे धोशा लावला, की काम फार संथ चाललंय, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. आपलं मनःस्वास्थ्य बरं नाही आणि हे काम बिनपैशाच्या हौसेचं आहे, असं कोलिन यांनी तेव्हा चारचौघांत लिहिलंही होतं. अखेर मदतनीस कारभारी झाला. दोनेक वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं आणि मग दरवाजा बसवला.

ओपन सोर्सची बाजू घेणारे आणि त्याला नावं ठेवणारे, दोघेही या एकाच घटनेचा दाखला देतात, आणि दोघांचंही खरं आहे. आत कुणालाही येता येतं म्हणून चोर आला. आतलं कुणालाही बघता येतं म्हणून, एक्सझेडशी काहीही संबंध नसलेल्या माणसाने त्याला पकडलं.

प्रोग्राम लिहिणारा जो मजकूर लिहितो, तो सोर्स कोड. बऱ्याच कंपन्या तो तिजोरीत ठेवतात आणि मशीनला कळेल असं त्याचं रूपांतर तेवढं विकतात. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूरच हाती मिळतो आणि परवान्यात लिहून दिलेलं असतं: वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना हे सुचलं ते एका प्रिंटरपायी. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा, अशी सोय त्यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामात केली होती. नवा प्रिंटर आला तो झेरॉक्स कंपनीचा, आणि त्याचा सोर्स मिळेना. कागद अडकत राहिला, माणसं जिने चढत-उतरत राहिली. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘फ्री सॉफ्टवेअर’चा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज ज्याच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या खिशात तो गाभा आहे.

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दात मोफत आणि मुक्त दोन्ही अर्थ बसतात, म्हणून स्टॉलमन यांना वर्षानुवर्षं खुलासे करत बसावं लागलं. मराठीत दोन शब्द आहेत, ती अडचण नाही. आपली अडचण निराळी: आपल्याकडे महागडं सॉफ्टवेअरही फुकटच मिळतं! असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला की दुकानदार विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं ‘टाकून’ देतो आणि लायसन्सचा विषयही निघत नाही. त्यामुळे इथे ओपन सोर्सची खरी स्पर्धा असते क्रॅक कॉपीशी, आणि ‘पैसे वाचतात’ हा मुद्दा निम्म्याहून अधिक निकामी होतो. मग उरतं काय? बरंच उरतं. क्रॅकसोबत काय काय आत आलं ते कळायला मार्ग नसतो, अपडेट भीत भीत बंद ठेवावं लागतं आणि धंदा वाढून तपासणी आलीच तर धावपळ होते.

एखादी व्हिडिओ फाइल उघडेना, की ‘व्हीएलसीत टाकून बघ’ असं कुणीतरी म्हणतंच. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला हा प्लेअर पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आला. २००१ पासून तो खुल्या परवान्याखाली आहे. जाहिरात नाही, नोंदणी नाही. जुन्या सीडीवरचं लग्नाचं शूटिंग असो की फोनवरची क्लिप, बहुतेक सगळं त्यात चालतं.

ब्लेंडरची कथा याहून रंगतदार आहे. थ्रीडी चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करण्याचं हे सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं, ती २००२ मध्ये बंद पडली. एरवी तिथेच विषय संपला असता. पण त्याचे कर्ते टॉन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी सौदा केला: एक लाख युरो देतो, सोर्स सोडा. सात आठवड्यांत लोकवर्गणीतून रक्कम उभी राहिली. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ या सिनेमाला, आणि तो ब्लेंडरमध्ये बनला होता.

मराठी लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांना तर बंद कुलपांचा अनुभव चांगलाच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकाची फाइल आज उघडून पाहावी. ज्या फाँटात मजकूर बसवला होता तो मशीनवर नसेल, तर ‘क’च्या जागी रोमन अक्षर, वेलांटीच्या जागी कंस आणि मध्येच प्रश्नचिन्हं. लेख समोर असतो आणि वाचता येत नाही. त्या काळात जवळपास प्रत्येक फाँट कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. युनिकोड या सामाईक मानकाने तो गोंधळ मिटवला. पण मानक आलं तरी देखणी अक्षरं लागतातच. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्ता आणि बलू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याने दिले. पत्रिका, पाट्या, वेबसाइट कशातही ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. मुंबईतल्याच फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि माल सांभाळणारं सॉफ्टवेअरही खुलं आहे. सोर्स कुणीही न्यावा. कंपनी कमावते ते सर्व्हर चालवून आणि मदत पुरवून.

आता दुसरी बाजू. ती कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात पाहायला मिळते. उत्साही मुलगा इंकस्केप या खुल्या रेखाटन-सॉफ्टवेअरमध्ये गणेशोत्सवाचा बॅनर करून पेन ड्राइव्हवर नेतो. काउंटरवरचा पहिला प्रश्न: “कोरलमध्ये आहे का?” नाही म्हटलं की कपाळाला आठ्या. कोरलची फाइल इंकस्केपमध्ये उघडली, तर कधी ओळी सरकतात, कधी छटा बदलतात. फोटो दुरुस्त करायच्या गिंपची ३.० ही आवृत्ती २०२५ मध्ये मोठ्या प्रतीक्षेनंतर आली, तरी छपाईच्या चार रंगांत थेट काम करण्याची पूर्ण सोय तिच्यात नाही. रात्री अकराला पत्रिकेची प्लेट निघायची असेल, तेव्हा स्वातंत्र्याची तत्त्वं ऐकायला ऑपरेटरला वेळ नसतो. आणि त्याचं बरोबरच आहे.

म्युनिक शहराने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. विंडोज सोडून लिनक्सवर जायचं, असं महापालिकेने २००३ मध्ये ठरवलं. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार मशीन बदलली. मग बाहेरून येणाऱ्या कागदपत्रांची मांडणी विस्कटते, अमुक चालत नाही, अशा कुरबुरी वाढल्या. महापौर बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. दोष लिनक्सचा किती आणि कारभाराचा किती, यावर तिथे अजून एकमत नाही. केरळच्या शाळांनी मात्र तोच रस्ता टिकवला, कारण आधी शिक्षक तयार केले आणि सरकारी यंत्रणेनेच स्वतःचा लिनक्स संच बांधला. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय कॉम्प्युटरसाठी नवी आवृत्ती आली, तेव्हा ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा झाला. आकड्यावर वाद घालता येईल. पण मशीन अडलं की कुणाला विचारायचं, हे तिथल्या शिक्षकाला ठाऊक होतं. म्हणजे लायसन्सचे वाचलेले पैसे माणसं शिकवण्यात घालावेच लागतात. जिथे ते घातले जात नाहीत, तिथे वर्षभरात कॉम्प्युटर लॅबला कुलूप लागतं.

सगळ्यात अवघड दुखणं मात्र वापरणाऱ्याला दिसतच नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्रामातली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीला आली. बँका, दुकानं, मेल अशा वेबवरच्या देवघेवीला कुलूप लावणारा हा प्रोग्राम. चूक दोन वर्षं तिथेच होती. कोड सगळ्यांसमोर होता, पण तो वाचत कुणी नव्हतं. त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. पाणपोईवर पाणी सगळेच पितात. सकाळी रांजण कोण भरून जातो, याची चौकशी तो कोरडा पडल्यावर होते.

पैशाची चणचण मग उलटीही फिरते. मोठ्या क्लाउड कंपन्या आपल्या कामावर कमावतात आणि आपल्या हाती काही लागत नाही, हे पाहून काही प्रकल्प परवानाच बदलतात. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये तेच केलं. नाराजांनी जुना सोर्स उचलून पंधरवड्याच्या आत ‘वॅल्की’ नावाने वेगळी चूल मांडली. लिब्रेऑफिसही २०१० मध्ये ओपनऑफिसमधून असंच वेगळं निघालं होतं. असं वेगळं होता येणं ही वापरणाऱ्याची मोठी सोय. दोन घरं झाल्यावर हात मात्र विभागले जातात. भारतात २०२४ मध्ये झिरोधा या शेअर-दलाल कंपनीने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तो पुरेसा नाही, पण निदान रांजण भरणाऱ्याचा पत्ता कुणीतरी विचारला.

एक्सझेडचं पुढे काय झालं? चोरदरवाजा उघड झाला तेव्हा कोलिन इंटरनेटपासून दूर, विश्रांती घेत होते. ते परतले. चोराने तीन वर्षांत केलेले बदल त्यांनी एकेक करून तपासायला घेतले. मेच्या अखेरीस ५.६.२ ही साफ केलेली आवृत्ती आली. ती त्यांनीच काढली होती.