घरातील कचेरी आणि घरकामाचा जमाखर्च

मार्च २०२० मधील टाळेबंदीने पुण्या-मुंबईच्या कचेऱ्या बंद पडल्या आणि नांदेड-लातूरचे अनेक नोकरदार संगणकासह स्वगृही परतले, तेव्हा घर व कचेरी एकाच छपराखाली नांदू लागली. परंतु स्वयंपाक, धुणीभांडी आणि पाणी भरणे यांचा भार प्रायः स्त्रीच्याच शिरावर राहिला. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाणी भरणे हे काम किरकोळ खाती टाकण्याजोगे खचितच नव्हे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणांतील अखिल भारतीय तपशील असा :

• २०१९ : बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के.
• त्याच वर्षी, हे काम करणाऱ्यांचा सरासरी दैनिक वेळ : स्त्रिया २९९ मिनिटे, पुरुष ९७.
• २०२४ : स्त्रिया २८९ मिनिटे, पुरुष ८८.

अर्थात टाळेबंदी आली नि गेली, तरी उभयतांतील तफावत २०२ मिनिटांवरून अवघी २०१ वर आली. सबब, घरी बसून नोकरी करणाऱ्या पुरुषांनी प्रवासातील वाचलेला वेळ घरकामाच्या खाती जमा करावा, ही विनंती.