लसीकरणाचे आकडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात कोविड लसीचे १०० कोटी डोस पूर्ण झाले. दोन आठवडेही उलटले नाहीत, तोच ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांना चाळीसहून अधिक मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची बैठक घ्यावी लागली. त्यात नंदुरबारही होता. एकूण आकडा मोठा असला, तरी कोण सुटले हे त्यातून कळत नाही. तेव्हापासून रुजलेले काही समज म्हणूनच तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : साथीपुढे सगळे सारखे.
वस्तुस्थिती : जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, इतर वस्तीत मात्र १६ टक्क्यांच्या. वॉर्ड तेच होते. पण दहा बाय दहाच्या खोलीत अंतर कसे पाळणार आणि सार्वजनिक शौचालय कसे टाळणार?

गैरसमज : लस मोफत होती, म्हणजे सर्वांना मिळाली.
वस्तुस्थिती : १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन स्लॉट घेणे सक्तीचे होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के होते. म्हणजे रांग लागण्याआधीच अनेक जण बाहेर राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली. ओळखपत्र नसलेले भटके, बेघर आणि कैदी यांच्यासाठी मे महिन्यातच वेगळी कार्यपद्धती काढावी लागली.

गैरसमज : लस न घेणारे अडाणी किंवा हट्टी.
वस्तुस्थिती : भीती होतीच, अफवाही होत्या. पण सातपुड्यातल्या पाड्यावरून केंद्र गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते. डोसनंतर ताप आला, की आणखी एक दिवस जातो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब नर्सबाई पाड्यावर येतात तेव्हा घरी नसते. काही वेळा अडसर नियमाचाच होता. गरोदर महिलांना लस घेण्याची परवानगी २ जुलै २०२१ रोजी मिळाली. तोवर त्यांनी लस घेतली नाही, हा दोष त्यांचा कसा? नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली आणि लस दारापर्यंत न्यायला हवी, हे धोरणानेही मान्य केले.

गैरसमज : रोज आकडे येत होते, म्हणजे देखरेख चोख होती.
वस्तुस्थिती : लसनोंदणीच्या ‘कोविन’ पोर्टलवर वय, लिंग आणि जिल्हा दिसत असे. जात-जमात किंवा उत्पन्न यांचा रकाना नव्हता. त्यामुळे आदिवासी, दलित किंवा गरीब कुटुंबांतले किती जण राहिले, हे त्यातून थेट काढता येत नव्हते. डोस जिथे दिला त्या जिल्ह्याच्या खात्यावर तो जमा होई. बाहेरगावचे लोक मुंबईत लस घेत, म्हणून तिथली पहिल्या डोसची टक्केवारी शंभरच्या वर गेली. त्यात भर म्हणजे २०२१ ची जनगणना लांबली होती, त्यामुळे भागाकारातला छेद अंदाजाचाच होता.

गैरसमज : गटवार मोजणी म्हणजे भेदभाव.
वस्तुस्थिती : मोजणी झाली नाही, तर मागे पडलेला गट सरासरीत झाकला जातो. ब्रिटनमध्ये वांशिक गटांनुसार नोंदी पाहिल्या, तेव्हाच कृष्णवर्णीय ज्येष्ठांमधले कमी लसीकरण उघड झाले. असे आकडे गटाच्या पातळीवर जाहीर करता येतात, कोणाचे नाव फोडावे लागत नाही.

गैरसमज : साथ संपली, विषय संपला.
वस्तुस्थिती : २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर उसळला आणि गोवंडीच्या झोपडपट्टीला त्याचा मोठा फटका बसला. रुग्णांत लस राहून गेलेली मुले होती. साथीच्या काळात नियमित लसीकरणही विस्कळीत झाले होते.

यापुढे लसीकरणाची टक्केवारी जाहीर झाली, की तालुकावार, पाडा-वस्तीवार आणि स्त्री-पुरुषवार आकडे ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे मागा. सुटलेल्यांची यादी हाती असेल, तरच आशाताईंना कोणत्या दारी जायचे ते कळेल.