डांबर संपल्यावर: बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर एमटीबी आणि ऑफ-रोड ट्रायथलॉनचा हंगाम

ऑफ-रोड ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, माउंटन बाइक (एमटीबी) चालवणे आणि कच्च्या वाटेने धावणे. तिन्ही एकापाठोपाठ, मध्ये घड्याळ न थांबवता. जागतिक ट्रायथलॉन संघटना या प्रकाराला क्रॉस ट्रायथलॉन म्हणते आणि त्यासाठी साधारण १ किलोमीटर पोहणे, २० ते २४ किलोमीटर सायकल व ६ ते ८ किलोमीटर धावणे धरते. ‘एक्स्टेरा’ या जगभर चालणाऱ्या मालिकेतली पूर्ण अंतराची शर्यत दीड, तीस आणि दहा किलोमीटरच्या आसपास असते. आयर्नमॅनच्या ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरपुढे हे आकडे किरकोळ वाटतात. पण रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर सहज काढणारा सायकलस्वार दगडगोट्यांच्या चढावर ताशी आठ-दहावर येतो. उतारावरही त्याला विसावा नसतो, कारण तिथे पायांचे काम हात, खांदे आणि नजर यांच्यावर येऊन पडते.

माउंटन बाइक जन्माला आली ती कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत. माउंट टॅमल्पाइसच्या परिसरातल्या उतारांवरून काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली भरधाव खाली आणत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. याच मंडळींपैकी जो ब्रीझ, गॅरी फिशर आणि त्यांच्यासोबत टॉम रिची यांनी पुढे खास डोंगरासाठी सायकली बांधल्या. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली माउंटन बाइक बाजारात आली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगो गावी पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली.

ट्रायथलॉनची वाट वेगळी होती. सप्टेंबर १९७४ मध्ये सॅन दिएगोच्या मिशन बे इथे या नावाची पहिली शर्यत झाली, १९७८ मध्ये हवाईत आयर्नमॅन सुरू झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आले. दोन्ही वाटा १९९६ मध्ये हवाईतल्याच माउई बेटावर एकत्र आल्या. एक्स्टेराची सुरुवात तिथली. त्या काळातले एक नाव हौशी खेळाडूंनी लक्षात ठेवावे असे आहे, नेड ओव्हरएंड. १९९० च्या ड्युरँगो स्पर्धेत क्रॉस-कंट्रीचा जगज्जेता ठरलेला हा सायकलपटू १९९८ आणि १९९९ मध्ये एक्स्टेराचाही जगज्जेता झाला, तोही चाळिशी ओलांडल्यावर. या खेळात वयाने वेग थोडा घटतो, पण वाट वाचण्याची समज वर्षागणिक वाढत जाते, ती अशी.

महाराष्ट्रात सहनशक्तीच्या खेळांना खरी गती आली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत, आणि ती आणली नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसांनी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत संपवली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरहून मोठे अंतर टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत पार केले. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटात हिल हाफ मॅरेथॉन होते. गोव्यात २०१९ मध्ये पहिली हाफ आयर्नमॅन झाली आणि मराठी हौशी ट्रायथलीटांना परदेशी न जाता मोठी शर्यत करता येऊ लागली. या सगळ्या शर्यती मात्र डांबरावरच्या. डांबर सोडून मातीत नाव कमावणाऱ्यांमध्ये संगमनेरची प्रणिता सोमण ही राष्ट्रीय विजेती ठळक दिसते. मातीतल्या मोठ्या आव्हानासाठी हौशी मंडळी पावसाळा ओसरल्यावर हिमाचलातल्या एमटीबी हिमालयासारख्या अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीकडे पाहतात.

अशा खेळासाठी महागडे मैदान लागत नाही. लागते ती उंचसखल जमीन, कच्च्या वाटा आणि पाणी. बुलढाणा जिल्ह्यात हे तिन्ही आहे. लहान जिल्ह्यातून मोठा खेळाडू घडू शकतो याची साक्षही इथे मिळते: बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात तिरंदाजीचे सुवर्णपदक जिंकले. डोंगरी सायकलीला तर जिल्ह्याची रचनाच अनुकूल आहे.

हा जिल्हा जणू दोन मजल्यांवर वसलेला आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली मलकापूर आणि नांदुरा तीनशे मीटरच्याही खाली आहेत. दोन्हींना जोडतात ते घाट: मोताळा-मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट आणि खामगावकडे जाणारा बोथ्याचा घाट. खोऱ्यापलीकडे जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. माथ्यावर बरड, मुरमाड जमीन. खोऱ्यात खोल काळी, तिचाच एक भाग खारपाणपट्ट्याचा. घाटाच्या वर आणि खाली एकाच सायकलला, एकाच दिवशी, दोन वेगळ्या जमिनी भेटतात.

यामुळे इथल्या हौशी खेळाडूचा हंगाम स्पर्धेच्या तारखांइतकाच मातीवर ठरतो. वर्षाची सुरुवात जानेवारीत न धरता मृगाच्या पावसापासून धरणे सोयीचे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यात घातलेली सायकल पन्नास पावलेही जात नाही. आधी टायरच्या खाचा भरतात, मग चाकाला चिकटलेला थर दर फेऱ्याला जाड होत जातो, फोर्कच्या कमानीला घासू लागतो आणि चाक जागीच अडते. त्यात गवत आणि तुराट्यांचे तुकडे कालवले गेले की ते मिश्रण बोटांनी निघत नाही, काडीने खरवडावे लागते. तशाच अवस्थेत जोर लावून पेडल मारले तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, चाकात ओढला जाऊन तुटतो. सायकल खांद्यावर घेऊन धुऱ्याने चालत रस्ता गाठणे हाच अशा वेळी शहाणपणा.

म्हणून पावसाळ्यात खोऱ्याकडे न जाता माथ्यावर राहावे. मुरमाड वाटांवरून पाणी लवकर निथळते आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की त्या चालण्याजोग्या होतात. बाकीचे दिवस घाटाचे. घाटरस्त्यावर संथ, न थांबता केलेल्या चढाया हा पायांचा पाया. या महिन्यांतली बहुतेक मेहनत धाप न लागता बोलता येईल इतक्या सावकाश गतीची असावी. जोरकस सराव आठवड्यातून एक-दोनदा पुरतो. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्याचे आठ-दहा तास काढता आले तर या खेळात तो चांगली मजल मारतो. तीन खेळ असल्यामुळे एकाच सांध्यावर रोज भार येत नाही, हा ट्रायथलॉनचा मोठा फायदा आहे.

पोहण्याचा विचार इथे जपून करावा लागतो. जिल्ह्यात नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशी धरणे आहेत, पण धरणाचे पाणी म्हणजे तरणतलाव नव्हे. बुलढाणा शहराला पाणी पुरवणाऱ्या येळगाव धरणासारख्या जलाशयात पोहणे योग्य नाही, आणि कुठल्याही जलाशयात उतरण्याआधी संबंधित विभागाची परवानगी, सोबत होडी व लाइफ जॅकेट असलेली माणसे आणि तळाची माहिती हवी. गाळ, बुडालेली झाडे, मासेमारीची जाळी हे धोके काठावरून दिसत नाहीत. लोणारचे सरोवर तर या यादीत धरूच नये. उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे, आणि त्याचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. त्यामुळे पोहण्याचा पाया तलावात घालावा आणि उघड्या पाण्याचा सराव देखरेखीखाली, मोजकाच करावा. उघड्या पाण्यात तळाची रेघ नसते. दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्यावर काढून समोरचे झाड किंवा बोया हेरावा लागतो. ही सवय नसलेला वेगवान पोहणारा वाकडातिकडा जाऊन जास्तीचे अंतर कापतो.

दसऱ्यानंतर जमीन आवळते आणि खरा मोसम उघडतो. दिवाळी ते होळी या काळात पांदण रस्ते, गाडवाटा आणि माळावरच्या गुरांच्या पायवाटा सायकलला खुल्या होतात. पण हाच शेतीच्या लगबगीचा काळ. कापूस वेचणाऱ्या बाया, सोयाबीनचे ट्रॅक्टर, पुढे हरभऱ्याला पाणी देण्यासाठी वाटेत आडवे टाकलेले पाइप, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा: पांदण ही शेतकऱ्याची कामाची वाट आहे, शर्यतीचा ट्रॅक नव्हे. बैलगाडी दिसली की उतरून बाजूला उभे राहावे, बैल बुजू देऊ नयेत, आणि पिकातून चाक कधीही घालू नये. ज्या गावात सायकलस्वार असे वागतो त्या गावात त्याला पुढच्या वर्षीही वाट मिळते. हिवाळा सरताना काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. वाटेच्या दिशेने गेलेली भेग पुढचे चाक पकडते, म्हणून ती शक्य तितकी काटकोनात ओलांडावी.

बोथ्याच्या बाजूचा ज्ञानगंगा अभयारण्याचा टापू सायकलसाठी मोह पाडणारा आहे. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या रानात अस्वले आणि बिबटे आहेत. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर फिरत इथवर आला होता. अभयारण्यातल्या वाटा वनविभागाच्या नियमांखाली येतात, तिथे मनाने घुसू नये. अस्वल चाहूल लागली नाही तर दचकून अंगावर येते आणि सायकलचा आवाज फार कमी असतो, हे रानालगतच्या वाटांवरही ध्यानात ठेवावे. पहाटे आणि संध्याकाळी तिथे एकट्याने जाऊ नये.

वऱ्हाडातल्या वाटांवर सायकलचा खरा शत्रू बाभळीचा काटा. त्याच्या जोडीला सराटे. साध्या ट्यूबला एका फेरीत चार पंक्चर होणे इथे नवल नाही. म्हणून टायर ट्यूबलेस करून आत सीलंट ओतणे हा पहिला खर्च करावा, महागड्या फ्रेमच्या आधी. काटा लागताच आतला द्रव छिद्रात गोठून हवा धरून ठेवतो. काटा दिसला म्हणून लगेच उपसू नये. तोच बूच असतो. आपल्याकडच्या उष्णतेत सीलंट लवकर सुकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी ते पाहून भर घालावी. ट्यूबलेस टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि कमी दाबाचे टायर मुरमावर घट्ट पकडते. पंक्चर झाल्यावर डोके शांत ठेवणाऱ्याचे काय होते, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले: ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे पुढचे चाक बसले, चाक बदलण्यात त्याचा वेळ गेला, तरी त्याने पुढच्यांना गाठून सुवर्ण जिंकले.

फ्रंट सस्पेन्शनची, २९ इंची चाकांची, डिस्क ब्रेक असलेली साधी हार्डटेल सायकल हौशी माणसाला या जिल्ह्यात पुरेशी आहे. चढासाठी गिअर हलका हवा, कारण सैल मुरमावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक घसरते. बसून, छाती हँडलकडे झुकवून, एकसारखी लय ठेवूनच तो चढ निघतो.

शर्यतीच्या दिवशी नवखा माणूस वेळ गमावतो तो बदलाच्या जागी. पाण्यातून बाहेर येताना अंगातले रक्त हातांकडे वळलेले असते, उभे राहताच गरगरते, ओल्या पायात मोजा चढत नाही. आधी हेल्मेटचा बंद लावायचा, मगच सायकलला हात घालायचा, हा नियम. तो मोडला तर दंड होतो. सायकलवरून उतरून धावू लागल्यावर पहिला किलोमीटर पाय परके वाटतात. यावर उपाय एकच, सरावात सायकलनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटे धावण्याची सवय. खाणे सायकलवरच उरकावे, तेही सपाट तुकड्यावर. दगडांच्या उतारावर हँडल सोडून केळे सोलता येत नाही. दीड तासापलीकडच्या शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. गूळ, खजूर, केळी यांवर हे भागते. घामातून जाणारे मीठ मात्र वेगळे भरून काढावे लागते.

होळीनंतर खोरे तापते. खामगाव-मलकापूरकडे दुपारची वाट अशक्य होते, माथ्यावर मात्र सकाळच्या दोन तासांत सायकल निघते. एप्रिल-मे हे दुरुस्तीचे महिने: हबचे बेअरिंग, सस्पेन्शनचे तेल, झिजलेली चेन आणि ब्रेक पॅड बदलण्याचे. शरीराचीही देखभाल याच वेळी करावी. गुडघा किंवा पाठ वर्षभर कुरकुरत असेल तर ती दाखवून घ्यावी, सायकलवरची बैठक तपासून घ्यावी आणि तीन-चार आठवडे घड्याळ न लावता पोहावे. पुढच्या वर्षीच्या एक-दोन मुख्य शर्यती याच दिवसांत निवडाव्यात, म्हणजे पहिला पाऊस पडेपर्यंत सरावाची आखणी हातात असते.