‘बरे झालेले’ या रकान्यात

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत एसटी थांबली आणि यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला नागपूर आणखी लांब गेलं. कोळशाच्या आणि कापसाच्या या पट्ट्यात आजाऱ्याची वाट ठरलेली: आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग वणी, तिथे भागलं नाही तर यवतमाळ किंवा नागपूर. तो काळ आठवताना मला सगळ्यात जास्त बोचतो तो जिल्ह्याच्या रोजच्या आकडेवारीतला एक रकाना, ‘बरे झालेले’. ताप उतरला, ऑक्सिजन सुधारला, सुटी मिळाली की माणूस त्यात जायचा. हात लुळा पडला का, तोंड वाकडं झालं का, घरच्यांची नावं आठवतात का, हे सांगायला तिथे जागाच नव्हती.

कोरोना फुप्फुसापाशी थांबत नाही हे खरं तर लवकर कळलं होतं. एप्रिल २०२० मध्येच वुहानच्या डॉक्टरांनी २१४ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या ३६ टक्क्यांना मेंदू, नसा किंवा स्नायूंची काही ना काही लक्षणं होती.

आपल्याकडे सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई दारोदार फिरल्या. कपाळासमोर तापमापक, बोटाला ऑक्सिमीटर. त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण घरातला म्हातारा कालपासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, हे त्या यंत्रांवर उमटत नाही. उतारवयात कधीकधी ताप-खोकला नसतोच, भ्रम हेच पहिलं लक्षण असतं. त्यातून रुग्ण कोलाम आदिवासी असेल तर? कोलामी बोलणारी आजी बरळतेय की पाणी मागतेय, हे ती भाषा न येणाऱ्या डॉक्टरला कळणार कसं? एरवी सोबतच्या नातवाने सांगितलं असतं. कोविड वॉर्डात बहुतेक ठिकाणी त्याला आत सोडत नव्हते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट उसळली ती अमरावती, अकोला, यवतमाळ याच भागात. पुढे मोहाचे दिवस आले. अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा उग्र-गोड वास घरभर भरतो. तो एका सकाळी येईनासा होणं, हीसुद्धा मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरचीच खूण होती. विषाणू नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, वास ओळखणाऱ्या पेशींवर सहसा नाही. म्हणूनच बहुतेकांचा वास परत आला.

सगळंच असं परतणारं नव्हतं. या आजारात रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की लकवा. ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतर. मुकुटबनहून यवतमाळचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर. लक्षण ओळखणं, गाडी मिळणं, नाक्यावरची चौकशी, रिकामी खाट सापडणं, हे सगळं त्या साडेचार तासांतच बसवायचं. मे महिन्यात काळी बुरशी आली: वाढलेली साखर, त्यावर स्टेरॉइड, आणि नाकातून डोळ्याकडे, डोळ्याकडून मेंदूकडे सरकणारी. ॲम्फोटेरिसिन या तिच्यावरच्या औषधासाठी राज्यभर वणवण झाली, अनेकांचा जीव वाचवायला डोळा काढावा लागला. जगली-वाचलेली ही माणसंही ‘बरे झालेले’च.

एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी चाळल्या, बहुतेक अमेरिकेतल्या. सहा महिन्यांत तिघांपैकी एकाला मेंदूचा किंवा मनाचा काहीतरी विकार नोंदला गेला होता. यातले काही विकार जुने, पुन्हा उलटलेले होते, हे खरं. पण तिथे सुटीनंतरही कुणीतरी लिहून ठेवत होतं. आपण सुटीच्या कागदावर थांबलो.

आशाताई आजही त्याच घरांत जातात. कोरोनानंतर हातापायांना मुंग्या येतात का, हिशेब चुकतो का, चालताना तोल जातो का, एवढं त्यांच्या वहीत वाढवून द्यावं, त्याचा मोबदला द्यावा, आणि कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, हे प्रश्न कोलामीतून विचारले जावेत.