जिवंत माणसाचे मरण : पॉल मॅकार्टनीच्या अफवेची कथा

ज्ञानसत्राच्या व्यासपीठावर पाश्चात्य रॉक संगीतातील गायकांची कथा कशाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आमचा विषय संगीत हा नाही. धडधाकट जिवंत असलेला मनुष्य मेला आहे, असे असंख्य सुशिक्षित तरुणांनी ‘पुराव्यानिशी’ एकमेकांस पटवून दिले. हे कसे घडले, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरातून निघालेल्या ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाने १९६३-६४ पासून जगभर कीर्ती मिळविली. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे ते चौघे. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी जाहीर दौरे बंद केले. जो मनुष्य रोज समोर दिसतो त्याच्याविषयी अफवा टिकत नाही. नजरेआड गेला की तिला वाव मिळतो. जानेवारी १९६७ मध्ये पॉल मोटार-अपघातात दगावल्याची आवई लंडनमध्ये उठलीच. चाहत्यांच्या मासिकाने पुढच्याच महिन्यात ती खोडून काढली.

दोन वर्षांनी ती अमेरिकेत पुन्हा डोके वर काढून उभी राहिली. सप्टेंबर १९६९ मध्ये आयोवातील ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पत्रात तिच्यावर लेख आला. १२ ऑक्टोबर रोजी डेट्रॉइटच्या एका नभोवाणी केंद्रावर रस गिब या निवेदकाला एका श्रोत्याने दूरध्वनी करून या खुणांची वार्ता दिली. दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या दैनिकात फ्रेड लाबूर या विद्यार्थ्याचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्याकडे काम होते ‘ॲबी रोड’ या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या परीक्षणाचे. त्याने लिहिला मृत्युलेख. पॉल नोव्हेंबर १९६६ मध्ये अपघातात मेला, त्याच्या जागी विल्यम कॅम्पबेल नावाचा तोतया उभा करण्यात आला, आणि उरलेल्या तिघांनी मुद्रिकांत व वेष्टनांवर गुप्त खुणा पेरल्या, असे हे कथानक. त्यातील कॅम्पबेल हे नाव लाबूरने आपल्याच डोक्यातून काढले होते. पुढे दूरचित्रवाणीसाठी याच विषयावर लुटुपुटीचा खटला भरविण्यात आला, तेव्हा आपण गंमत केली हे त्याने वकिलाजवळ कबूलही केले. पण तोवर गंमत हाताबाहेर गेली होती.

तोतया म्हटले की पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची आपणांस आठवण होते. तेथे मेलेला मनुष्य जिवंत आहे असे लोकांनी मानले, येथे जिवंत मनुष्य मेला असे मानले. पहिल्या भ्रमाच्या मुळाशी आशा होती. दुसऱ्याच्या मुळाशी होती आपल्या चातुर्याची हौस.

हे चातुर्य कसे चाले ते पाहा. ‘ॲबी रोड’च्या वेष्टनावर चौघे रस्ता ओलांडताना दिसतात. पांढऱ्या वेषातील लेनन म्हणजे धर्मोपदेशक, काळ्या वेषातील रिंगो म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारा, जाड्याभरड्या निळ्या कपड्यांतील जॉर्ज म्हणजे थडगे खणणारा, आणि अनवाणी पॉल म्हणजे प्रेत! वस्तुस्थिती अशी की ८ ऑगस्ट १९६९ रोजी इयन मॅकमिलन या छायाचित्रकाराने पोलिसाकडून रहदारी थांबवून घेऊन दहा-एक मिनिटांत सहा छायाचित्रे काढली. पहिल्या दोन चित्रांत पॉलच्या पायांत चपला आहेत. दिवस उन्हाचा होता, म्हणून त्या काढून ठेवल्या, असे त्याने पुढे सांगितले.

त्याच चित्रात एक फोक्सवॅगन मोटार उभी आहे. तिच्या क्रमांकात २८१ हा आकडा व त्यापुढे ‘एफ’ हे अक्षर आहे. शेवटच्या १ ला इंग्रजी ‘आय’ समजले की ‘२८ इफ’ असे वाचता येते. म्हणजे पॉल जगता तर २८ वर्षांचा असता! वास्तविक ‘एफ’ हे अक्षर ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८ या काळात नोंदलेल्या ब्रिटिश मोटारींना मिळत असे. शिवाय पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा. मुद्रिका निघाली तेव्हा त्याला २७ च वर्षे पूर्ण झाली होती. यावर उत्तर तयार होते : बीटल्स १९६८ साली हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून आले होते, आणि हिंदुस्थानातील योगी म्हणे वय गर्भधारणेपासून मोजतात! आपली जन्मपत्रिका जन्मवेळेवरूनच मांडतात, हे त्यांना कोणी सांगावे?

१९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या मुद्रिकेच्या वेष्टनात पॉलच्या बाहीवरील बिल्ल्याची अक्षरे ‘ओ पी डी’ अशी वाचून ‘अधिकृतपणे मृत घोषित’ असा अर्थ लावण्यात आला. ती अक्षरे होती ‘ओ पी पी’, आणि बिल्ला कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या पोलिसांचा. एका गाण्याच्या शेवटी लेनन ‘मी पॉलला पुरले’ असे पुटपुटतो, असे अनेकांनी शपथेवर सांगितले. लेननच्या म्हणण्याप्रमाणे तो एका आंबट फळाच्या चटणीचे नाव घेत होता.

अखेर ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या प्रतिनिधींनी स्कॉटलंडमधील शेतावर जाऊन पॉलला गाठले. ७ नोव्हेंबर १९६९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो सहकुटुंब झळकला. तरी श्रद्धावंतांनी ते पान उजेडासमोर धरले. मागच्या बाजूच्या जाहिरातीतील मोटार पॉलच्या अंगावर उमटली, आणि खंडनाचीच एक खूण झाली!

येथे रोगाचे मूळ सापडते. निष्कर्ष आधी ठरला की पुरावा वेचण्यास वेळ लागत नाही. जुळते ते खूण ठरते, न जुळते ते विसरले जाते, आणि नकार हे लपवाछपवीचे लक्षण ठरते. कानाचेही तसेच. १९८५ साली कॅनडातील व्होकी व रीड या मानसशास्त्रज्ञांनी उलटे वाजविलेल्या बोलण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. ऐकणाऱ्यांना त्यातून अर्थ काढता येत नसे. पण अमुक शब्द येतील असे आधी सांगितले की ते त्यांना ऐकू येत.

ही केवळ करमणूक राहिली असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. १९८५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या नेवाडा राज्यात दोन तरुण मित्रांनी आत्मघाताचा प्रयत्न केला. एक तेव्हाच गेला, दुसरा तीन वर्षांनी. ‘जुडास प्रीस्ट’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मुद्रिकेत लपविलेल्या आज्ञेमुळे हे घडले, असा दावा त्यांच्या कुटुंबीयांनी लावला. १९९० साली रीनो येथे तो चालला. ऐकू येणारे ते शब्द म्हणजे गिटारचा नाद व गायकाचा उच्छ्वास यांचा योगायोग होय, असे ठरवून न्यायाधीशांनी दावा फेटाळला. त्या आईबापांच्या दुःखाला कोण हसेल? परंतु छुप्या शब्दांचा शोध घेताना जिवंतपणी त्या मुलांच्या मनात काय सलत होते, हा खरा प्रश्न मागे पडतो.

पॉलने १९९३ साली तोच रस्ता ओलांडतानाचे चित्र वेष्टनावर छापून ‘पॉल इज लाइव्ह’ नावाची मुद्रिका काढली. २०२२ साली, ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात, तो ग्लॅस्टनबरीच्या उत्सवात गायला. तरी तो तोतयाच, असे म्हणणारे आहेत. अशी वार्ता आपल्या कानी येईल तेव्हा सांगणाऱ्यास पुरावा किती आहे हे विचारून भागणार नाही. तो तर ढीगभर असतो. ‘काय दिसले तर हे खोटे असे तुम्ही मानाल?’ एवढेच विचारावे. आणि मग तोच प्रश्न घरी जाऊन स्वतःलाही विचारावा.