पाच गावांचा एक खासदार

काँग्रेसच्या स्थापनेवर लिहायचं म्हटलं की अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव टाळता येत नाही. पुण्यात कॉलऱ्याची साथ आली, म्हणून पहिलं अधिवेशन मुंबईला हलवलं आणि डिसेंबर १८८५ मध्ये गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, हे आपण शाळेपासून वाचत आलोय. संपादकांना त्यावरच लेख हवा होता. मी मात्र ह्यूमसाहेबांच्या वडिलांच्या मागे लागलो, आणि वडिलांकडून त्यांच्या मतदारसंघाकडे गेलो तो तिथेच अडकलो.

मतदारसंघाचं नाव मॉन्ट्रोज बर्ग्ज, म्हणजे मॉन्ट्रोज आणि सोबतची सनदी शहरं. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतचा. जन्म १८३२, मृत्यू १९५०. नकाशावर तो शोधायला गेलात तर सलग प्रदेश सापडणार नाही, नुसते पाच ठिपके दिसतील : मॉन्ट्रोज, आर्ब्रोथ, ब्रीखिन, फोरफार आणि इन्व्हरबर्व्ही. पहिली चार फोरफारशरमधली, पाचवं शेजारच्या किंकार्डिनशरमधलं. मधली शेतं, वाड्या, गढ्या यांचा या खासदाराशी काडीचा संबंध नाही. त्यांची मतं काउंटीच्या वेगळ्या जागांसाठी. आर्ब्रोथला जुना मठ, शिडाच्या कापडाच्या गिरण्या आणि धुरावलेले मासे. फोरफार ज्यूटचं. ब्रीखिनला कॅथीड्रलला खेटून उभा गोल मनोरा. मॉन्ट्रोज बंदर. इन्व्हरबर्व्ही एवढंसं, पण राजाची सनद त्याच्याकडेही होती आणि सगळा मान त्या सनदेचा.

ही विचित्र मांडणी इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या १७०७ मधल्या एकीकरणातून आली. तोवर एडिंबरोच्या पार्लमेंटात प्रत्येक सनदी शहराचा आपला माणूस बसायचा. लंडनच्या पार्लमेंटात स्कॉटलंडला जागा मिळाल्या एकूण ४५. त्यातल्या ३० काउंट्यांना आणि उरलेल्या १५ शहरांना. शहरं साठाहून अधिक. एडिंबरोला एक जागा स्वतंत्र दिली आणि बाकीच्यांच्या चौदा मोळ्या बांधल्या, कुठे चार गावांची, कुठे पाच.

या मोळ्यांचं यंत्र चालायचं कसं, ते मला फार आवडलं. आवडलं म्हणजे कारस्थानी माणूस आवडावा तसं. सामान्य माणसाला मत नव्हतंच. प्रत्येक नगरपरिषद एक प्रतिनिधी निवडायची. हे प्रतिनिधी मोळीतल्या एका गावी जमायचे आणि तिथे खासदार ठरवायचे. जमण्याचा मान दर निवडणुकीला पाळीपाळीने पुढच्या गावाकडे जाई, आणि मतं समसमान पडली तर यजमान गावाच्या प्रतिनिधीचं मत निर्णायक. त्यामुळे पाळी कुणाची यावर इच्छुकांचं बारीक लक्ष. पाच गावांत तीन नगरपरिषदा खिशात घातल्या की काम झालं. नगरपरिषदाही कशा? १४६९ पासूनच्या कायद्याने जुनी परिषदच नवी परिषद नेमायची. म्हणजे मावळते सभासद आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांना बसवून घरी जाणार. स्कॉटलंडात अशा निवडणुकांच्या वेळी एखाद्या नगरसेवकाला पळवून, मतदान होईपर्यंत लपवून ठेवल्याचे प्रकारही झाले. रिसॉर्टचा शोध आपण लावला, असा आपल्या पुढाऱ्यांचा समज असेल तर त्यांनी तो सोडावा.

ज्या वडिलांच्या मागे मी लागलो, तो जोसेफ ह्यूम मॉन्ट्रोजचाच. जन्म १७७७. त्याचे वडील लवकर गेले. आई चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान चालवून पोरं वाढवत होती. शाळेत सोबती होता जेम्स मिल, जो पुढे हिंदुस्थानात पाऊल न टाकता हिंदुस्थानचा इतिहास लिहून मोकळा झाला. ह्यूम मात्र आला. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य म्हणून आला, इथल्या भाषा शिकला, आणि मराठ्यांविरुद्धच्या १८०३ च्या युद्धाच्या तोंडावर बुंदेलखंडात फौजेबरोबर होता. वसईच्या तहावर बाजीरावाची सही नुकतीच होऊन गेली होती. त्याच सुमारास कंपनीच्या दारूगोळ्यातली दारू ओल धरून बसली. ती वाळवायची युक्ती या डॉक्टरने काढली आणि वरिष्ठांची मर्जी संपादली. मग दुभाषेपण आलं, रसदीची कामं आली. असई, लासवारी या लढाया आपण सेनापतींच्या नावांनी लक्षात ठेवतो. कोरडी दारू आणि वेळेवर पोचलेली रसद यांची नावं कुणी ठेवत नाही. १८०७ मध्ये नोकरी सोडताना त्याच्या गाठीला सुमारे ४० हजार पौंड होते. आपल्या पराभवाच्या हंगामात कमावलेले.

या पैशावर तो राजकारणात शिरला आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चाचे हिशेब तपासत राहिला! १८१८ मध्ये त्याला जुन्या यंत्रानेच निवडलं. तेव्हाच्या मोळीत फोरफार नव्हतं, अॅबर्डीन होतं. आणि आपल्याआपल्यात खुर्च्या वाटून घेणारी अॅबर्डीनची नगरपरिषद नुकतीच दिवाळ्यात निघाली होती. या परिषदांच्या मतांवर निवडून आलेला ह्यूम लगेच त्याच परिषदांच्या सुधारणेच्या मागे लागला. सभागृहात अंदाजपत्रकातल्या एकेका बाबीवर तो उठे, आकडे विचारी, मतदान मागे. सदस्य जांभया देत. पण कामगारांना संघटना बांधायला बंदी घालणारे कायदे १८२४ मध्ये उठले, त्यामागे हाच कंटाळवाणा माणूस होता.

१८३२ च्या सुधारणेने दहा पौंडांच्या घरधन्याला मत दिलं आणि प्रतिनिधींची ती बैठक गेली. मोळी मात्र सुटली नाही. अॅबर्डीन बाहेर पडलं, फोरफार आत आलं आणि मॉन्ट्रोज बर्ग्ज तयार झाला. मिडलसेक्स आणि किल्केनी करून ह्यूम १८४२ मध्ये इथे परतला, आणि १८५५ मध्ये मरेपर्यंत इथलाच खासदार राहिला.

अडचण इथून पुढची आहे. पाच गावांचा खासदार हा कुठल्याच गावाचा नसतो. प्रत्येकाला वाटतं, तो दुसऱ्याचा. ज्यूटवाल्याचं गाऱ्हाणं वेगळं, मासेवाल्याचं वेगळं, आणि इन्व्हरबर्व्हीच्या मतांवाचून निकाल सहसा अडणार नाही. माझ्या मते, या सैल बांधणीमुळेच ही जागा मोठ्या, बाहेरच्या नावांना सोयीची ठरली. मतदार मान देतात, गळ्यात पडत नाहीत. न्यूकॅसलला १८९५ मध्ये पडलेले जॉन मोर्ले पुढच्याच वर्षी पोटनिवडणुकीत इथून आले, आणि डिसेंबर १९०५ मध्ये भारतमंत्री झाले. गोपाळ कृष्ण गोखले ज्यांच्याकडे आशेने खेटे घालत होते, तेच हे मोर्ले.

ऑक्टोबर १९०७ मध्ये त्यांनी आर्ब्रोथच्या मतदारांपुढे हिंदुस्थानावर भाषण केलं. लाला लजपतराय तेव्हा मंडालेत होते, खटला न चालवता हद्दपार. कॅनडाला स्वराज्य दिलं तसं हिंदुस्थानलाही द्या म्हणणाऱ्यांना मोर्लेंनी उत्तर दिलं ते असं : कॅनडाच्या थंडीत फरचा कोट ऊबदार वाटतो, म्हणून तो दख्खनमध्येही अंगावर चढवायचा का? आपल्या दख्खनला काय झेपेल याचा निवाडा उत्तर समुद्राकाठच्या गिरणीगावात, आणि तोही पुस्तकी उदारमतवादाबद्दल नाव असलेल्या माणसाकडून. उन्हाचा हवाला देऊन हक्क नाकारण्याइतका ढिसाळ युक्तिवाद त्यांच्या लेखणीतून एरवी उतरला नसता.

मे १९०८ मध्ये मोर्ले उमराव होऊन वरच्या सभागृहात गेले, मंत्रिपद कायम. मॉन्ट्रोज बर्ग्जने पोटनिवडणुकीत रॉबर्ट हार्कोर्ट यांना निवडलं. २४ जूनला मुंबईत टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. मोर्लेंना हा खटला पसंत नव्हता; मला विचारलं असतंत तर या माणसाच्या वाटेला जाऊ नका म्हणालो असतो, अशा अर्थाचं त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरला कळवलंही. पण निकाल लागला तेव्हा या भारतमंत्र्याला जाब विचारू शकेल असा एकही मतदार उरला नव्हता. हिंदुस्थानातला नव्हताच, आता आर्ब्रोथचाही नाही.

लोकसंख्येच्या हिशेबात विखुरलेल्या ठिपक्यांचा मतदारसंघ टिकणं अवघडच होतं. १९४८ च्या कायद्याने ही मोळी मोडली आणि फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत मॉन्ट्रोज बर्ग्ज हे नाव मतपत्रिकेवर आलं नाही. आर्ब्रोथ आणि फोरफार दक्षिण अँगसमध्ये गेले. मॉन्ट्रोज, ब्रीखिन आणि इन्व्हरबर्व्ही उत्तर अँगस व मर्न्स या नव्या जागेत. मधली शेतं प्रथमच त्यांच्याबरोबर मोजली गेली. शेवटचे खासदार जॉन मॅक्ले दुसरीकडून उभे राहिले आणि पुढे स्कॉटलंडमंत्रीही झाले. आपल्याकडे नाथ पै आणि मधु दंडवत्यांचा राजापूर मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत गेला, तेव्हा कोकणात निदान हळहळ तरी झाली. मॉन्ट्रोज बर्ग्जसाठी हळहळायला एक गाव पुढे आलं असतं, तर उरलेल्या चौघांनी विचारलं असतं : तुम्ही कोण?