पाण्याखालचा कोट

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील जळकोट हें गांव समुद्रापासून फार दूर. तरीही अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा विषय तेथूनच आरंभावासा वाटतो. जवळच्या नळदुर्ग किल्ल्यांत बोरी नदीच्या बांधाच्या पोटांत ‘पाणीमहाल’ आहे. वरून पुराचें पाणी कोसळत असतें, आणि आंतला मनुष्य कोरडा व बाहेरच्यांस अदृश्य असतो. या पाणबुडीचें तत्त्व हेंच.

जमिनीवरील तळ उपग्रहांस दिसतात. पहिल्याच हल्ल्यांत ते नष्ट होऊं शकतात. समुद्रांत दडलेली नौका मात्र वांचते व प्रत्युत्तर देते. भारतानें अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचें धोरण जानेवारी २००३ मध्यें जाहीर केलें. ज्यानें पहिला घाव सोसावयाचें पत्करलें, त्याला दुसऱ्या घावाची खात्री हवीच. म्हणून २०१६ सालीं ‘अरिहंत’ व २०२४ सालीं ‘अरिघात’ नौदलांत आल्या. ‘अरिहंत’च्या अणुभट्टीमागें मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचें ज्ञान आहे, आणि तिची गिअरपेटी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं वसविलेल्या वालचंदनगरांत घडली.

आतां प्रतिस्पर्ध्यांकडे पाहूं. चीनपाशीं ‘जिन’ वर्गाच्या सहा नौका असून प्रत्येकींत बारा क्षेपणास्त्रें मावतात. त्यांचा पल्ला सात हजार किलोमीटरांहून अधिक असल्यानें त्या स्वतःच्या किनाऱ्याजवळ राहूनही दूरवर मारा करूं शकतात. ‘अरिहंत’च्या पहिल्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारें ७५० किलोमीटर, बंगालच्या उपसागरांतून तें बीजिंगला पोंचणें अशक्य. यास्तव ३,५०० किलोमीटर पल्ल्याचें ‘के-४’ सिद्ध झालें. नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘अरिघात’वरून त्याची चांचणी झाली. पाकिस्तानपाशीं अशी अणुशक्तीवर चालणारी नौका नाहीं. २०१७ सालीं त्यानें पाण्याखालून ‘बाबर-३’ हें ४५० किलोमीटर पल्ल्याचें अस्त्र डागून पाहिलें. पण डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीस हवेसाठीं वारंवार वर यावें लागतें, व तेव्हां ती सांपडण्याचा संभव वाढतो. शिवाय प्रथम वापर न करण्याचें वचन त्या देशानें दिलेलें नाहीं.

परंतु या कोटास एक उणीव आहे. जमिनीवर क्षेपणास्त्र व त्याचा अणुभार निरनिराळ्या ठिकाणीं ठेवतां येतात. गस्तीवरील पाणबुडींत ते एकत्रच न्यावे लागतात. आज्ञा देण्याचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय मंडळाचा. पण ती पोंचवावयाची कशी? आपलें हें भाषण वाहणाऱ्या लहरी समुद्राच्या पाण्यांत शिरत नाहींत. केवळ अतिदीर्घ लहरीच थोड्या खोलीपर्यंत जातात. ती आज्ञा न चुकतां पोंचली पाहिजे, आणि खोटी आज्ञा कधींही पोंचतां कामा नये. पाणबुडीचें मौन हें तिचें बळ खरें, पण त्याच मौनांत चुकीचा धोकाही वसतो. जळकोटच्या घरांतील झोंप नौकांच्या संख्येइतकीच या एका निरोपाच्या खरेपणावर अवलंबून आहे.